शून्य सेकंदांचे कॉल

मंगळवार, ६ फेब्रुवारी २०२४. सकाळी धुके, नंतर कोरडी हवा. साडेदहाला विद्यापीठातून विभागप्रमुख आली. अर्थशास्त्र विभागाला पंचाहत्तर वर्षे झाली म्हणून पुस्तिका निघते आहे. त्यातले ह्यांचे पान वाचायला ठेवून गेली. चुका पाहून सही करायची. छापखाना थांबला आहे, पाचला परत येते म्हणाली. चहा बिनसाखरेचा.

ही त्या दिवशीची माझी सकाळची नोंद. शाळेत सिस्टरांनी रोजनिशी लिहायला लावली तेव्हा नियम घालून दिला होता: आधी तारीख, मग हवा, मग घडले ते. मनात आले ते देवाला सांगावे, वहीत नको. मी तेव्हा अकरा वर्षांची होते, आता सत्याहत्तरची आहे. नियम मोडला नाही. पुढचे जे लिहिते आहे ते मात्र वहीबाहेरचे आहे.

ती गेल्यावर मी चष्मा पुसून पान वाचायला घेतले. एक फोटो, त्यात हे नेहमीसारखे कॅमेऱ्याकडे न बघता दुसरीकडेच बघत होते. खाली जन्म, शिक्षण, रेडिओवरचा प्रबंध, वर्तमानपत्रांवरचे पुस्तक, आणि मग ठळक अक्षरांत: 'लहान दूरध्वनी केंद्रांविषयीचा पथदर्शी अहवाल, १९९६'. त्यानंतर निवृत्ती आणि निधन. शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती.

तो अहवाल त्यांनी सात आठवड्यांत स्वतः मागे घेतला होता. त्यापायी हातातोंडाशी आलेले पद गेले, कॉलेजपासूनचा मित्र गेला. पानावर त्याविषयी शब्द नव्हता. वाचणाऱ्याला वाटावे, या माणसाने आयुष्यात केलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तो अहवाल. आणि खाली सही मी करायची होती.

घरात मी त्यांना 'अहो' म्हणे आणि वहीत 'हे' लिही. इथे तसे लिहिले तर परक्या वाचणाऱ्याचा गोंधळ होईल, म्हणून प्राध्यापक म्हणते.

स्थळ त्यांच्या आत्याने आणले होते. आत्या माझ्या वडिलांना म्हणाली, मुलगा नाकासमोर चालणारा आहे, फक्त नाक जरा रेडिओकडे असते. त्या काळी रेडिओ ठेवायला परवाना लागे. सरकार परवाने मोजायचे आणि म्हणायचे, इतक्या घरांत रेडिओ ऐकतात. प्राध्यापकांचे म्हणणे, परवाने मोजून काय होते, कान मोजा. भिंतीपलीकडचा शेजारी ऐकतो, रस्त्यावरचा पाववाला ऐकतो, त्यांना कोण धरणार? म्हणून ते रोज सकाळी अर्धा तास एका न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसत. न्हाव्याला वाटले हा परवान्याचा तपासनीस. तो रेडिओवर टॉवेल टाकी आणि ह्यांना खुर्चीत बसवी. एका महिन्यात चार वेळा केस कापून झाले. आत्या म्हणाली, बाबा, लग्नापुरते तरी ठेव.

प्रबंधात आकडा निघाला तो असा: एका रेडिओमागे साडेपाच माणसे. विद्यार्थी विचारीत, सर, हे अर्धे माणूस कोण? ते म्हणत, न्हावी. त्याचा एक कान गिऱ्हाइकाकडे असतो.

पुढे वर्तमानपत्रे आली. एक अंक किती हातांतून जातो, जाहिरात देणारा कोणत्या हातासाठी पैसे मोजतो आणि बाकीचे हात फुकटात वाचतात ते कोणाच्या जिवावर, हे सगळे त्यांनी सात वर्षे केले. नंतर टेलिफोन. तेव्हा परगावचा फोन तीन-तीन मिनिटांच्या हिशेबाने लागे. वर्गात कोणी काही विचारले की प्राध्यापक तीन मिनिटांत उत्तर संपवून घड्याळाकडे बघत. मुलांनी त्यांचे आडनावच करून टाकले, प्राध्यापक तीनमिनिटे. एका नव्या मुलाला ते खरेच वाटले आणि त्याने रजेच्या अर्जावर तसे लिहिले. अर्ज मंजूर झाला.

मूल आम्हाला झाले नाही. त्याबद्दल माझ्या वह्यांत दोन ओळी आहेत, इथे तेवढ्याही नकोत.

त्यांचे लिहून झाले की प्रुफे मी वाचायची, हे पहिल्यापासून ठरले होते. वाटणी स्पष्ट होती. ते म्हणत, "शुद्धलेखन तुझं, आकडे माझे." १९७४ साली मी ती वाटणी एकदा मोडली. एका तक्त्यात सात हा आकडा मला छापखान्याची चूक वाटला, मी एक केला. तो सातच होता. मासिकात माझा एक छापून आला. प्राध्यापक रागावले नाहीत. तीन दिवस माझ्याशी ऑफिसातल्या कारकुनाशी बोलावे तसे बोलले, नीट, आदराने, कामापुरते. त्यानंतर मी आकड्यांवरून नजर अशी नेत असे जशी रस्त्यातल्या परक्या माणसांवरून नेतो.

१९७९ मध्ये आमच्या घरी टेलिफोन बसला. प्राध्यापक सभा-परिषदांना सतत परगावी जात. पोचले की घरी फोन लावत, दोन रिंगा झाल्या की ठेवून देत. दोन म्हणजे पोचलो. तीन म्हणजे एक दिवस उशीर होईल. मी फोनजवळ उभी असे आणि उचलत नसे, उचलला तर पैसे पडणार. माझी धाकटी जाऊ हसून म्हणायची, "वहिनी, अख्ख्या देशाला टेलिफोनचे दर शिकवणारा माणूस स्वतः फुकटात निरोप धाडतो." मी लगेच वहीत लिही: सहा दहा, दोन रिंगा, पोचले. मग कुकर लावी. घरात दुसरा आवाज नसे, आणि तेवढ्याने ती रात्र बरी जात असे.

आता त्या अहवालाकडे येते.

१९९५ साली सरकारने एक आयोग नेमला. खेड्यापाड्यांत लहान लहान टेलिफोन केंद्रे होती, ती तोट्यात चालली होती. कोणती ठेवायची आणि कोणती बंद करायची, हे ठरवायचे होते. मंत्रालयातले सचिव हे प्राध्यापकांचे कॉलेजपासूनचे मित्र. दर रविवारी आमच्याकडे येत, बुद्धिबळाचा पट मांडत आणि हरत. त्यांनीच प्राध्यापकांना आयोगावर घेतले. अहवाल चांगला झाला तर नवे नियामक मंडळ निघेल आणि त्याचे अध्यक्ष प्राध्यापक होतील, हे सचिवांनी माझ्यासमोर दोनदा बोलून दाखवले होते. प्राध्यापक तेव्हा सोंगट्यांकडे बघत बसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. त्यांना ते पद हवे होते. तीस वर्षे दुसऱ्यांना सांगत आलेला माणूस, एकदा स्वतः करून पाहावे असे त्याला वाटले तर नवल काय.

केंद्रांतल्या यंत्रांनी एका वर्षातल्या प्रत्येक कॉलची नोंद ठेवली होती. कोणी कोणाला लावला, किती सेकंद बोलले. त्या लाखो ओळी साफ करायला एक विद्यार्थिनी होती, पंचवीस-सव्वीस वर्षांची. नको त्या ओळी ती इतक्या चटचट काढून टाकी की प्राध्यापकांनी तिचे नाव कात्री ठेवले. विभागातही तेच रूढ झाले. ती आमच्याकडे जेवायला थांबली की मला काकू म्हणे. शितावरून भाताची परीक्षा करू नये, असे सर वर्गात सांगतात आणि स्वतः मात्र एक शीत चाखून भात उतरवतात, अशी माझ्या स्वयंपाकघरात त्यांचीच थट्टा करी.

कसोटी साधी ठरली होती. ज्या केंद्रातून दिवसाला साठापेक्षा कमी कॉल होतात, ते केंद्र लोक वापरत नाहीत, सबब बंद. अशी केंद्रे एकशे चाळीस निघाली, बहुतेक डोंगराळ भागातली.

गुरुवार, १४ नोव्हेंबर १९९६ रोजी परिशिष्ट चारची प्रुफे घरी आली. मी जेवणाच्या टेबलावर पसरून वाचत होते. तक्त्याखाली बारीक अक्षरांत तळटीप होती: 'शून्य सेकंदांचे कॉल अपूर्ण समजून वगळले आहेत.' त्यापुढे किती वगळले ते दिले होते. शहरांत शंभरातले नऊ. डोंगराळ भागात शंभरातले अडतीस.

'अपूर्ण' शब्द बरोबर छापला होता. मला पुढे जाता येईना.

मी उठून त्या वर्षाची वही काढली. मार्च, दोन रिंगा. मे, दोन रिंगा. जून, तीन. एकही कॉल अपूर्ण नव्हता. प्रत्येक कॉल पूर्ण होऊन माझ्यापर्यंत पोचला होता आणि मी त्यावर स्वयंपाक किती जणांचा ते ठरवले होते. डोंगरातल्या बायकांना हे सुचले नसेल असे मानायला जागा नव्हती. त्यांना तर पैसे आमच्यापेक्षा महाग.

संध्याकाळी प्राध्यापक आले. प्रुफे झाली का, विचारले. मी झाली म्हटले. तळटीप शुद्धलेखनात बसत नव्हती. ती आकड्यांत होती. हे कारण खरे आहे, पण पुरे नाही. त्यांचे लाल झालेले कान मी पाहिले होते आणि मला ते परत पाहायचे होते. मी गप्प बसले. २२ तारखेला अहवाल प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आला. सचिवांनी पेढ्यांऐवजी मोठा केक आणला, आणि त्या दिवशी बुद्धिबळात मुद्दाम हरल्यासारखे हरले.

सोमवारी, २५ तारखेला, प्राध्यापक त्याच अहवालावर बोलायला परगावी गेले. सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. दोनदा. मी लिहिले आणि पेन हातात धरून बराच वेळ बसले.

गुरुवारी ते परतले. जेवण झाल्यावर मी सोमवारचे पान उघडून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी वाचले.

"बरं, मग?"

"हा कॉल तुमच्या अहवालात कुठे आहे?"

आधी त्यांनी माझ्याकडे एखाद्या विद्यार्थ्याकडे बघावे तसे पाहिले. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"शून्य सेकंद," ते म्हणाले. "काखेत कळसा. अगदी काखेत." आणि मग, "तू कधी पाहिलंस?"

"प्रुफात. चौदा तारखेला."

त्यांचे ओठ हलले. ते दिवस मोजत होते.

"तेव्हा एक ओळ बदलायची होती फक्त."

"आकडे तुमचे होते."

"हो," ते म्हणाले. "तसंच ठरलं होतं आपलं."

यापलीकडे या विषयावर आम्ही बोललो नाही. त्या रात्री नाही आणि पुढची बावीस वर्षे नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सचिवांना पत्र लिहिले की आकड्यांत शंका आहे, अंमलबजावणी थांबवा, आणि कात्रीला घेऊन ते डोंगरात गेले. अकरा दिवस तिथल्या दुकानांत बसले. एका किराणा दुकानात गावातला एकुलता फोन होता. दुकानदारीण पन्नाशीची, वजनकाट्यावरून मान न उचलता बोलणारी. कात्रीने परत आल्यावर मला तिची नक्कल करून दाखवली. दोन रिंगा वाजल्या की ट्रक घाट उतरला. तीन वाजल्या की डॉक्टर भेटला नाही. एक वाजून बंद झाली की आईला बरे आहे. चौथी वाजली की मात्र उचलायचा, म्हणजे कोणीतरी गेले. प्राध्यापकांनी तिला विचारले, हे कॉल तुम्ही मोजता का? ती म्हणाली, "मोजायचे कशाला? ऐकायचे. तुम्हा शिकलेल्यांना बडबड केल्याशिवाय फोन झाला असं वाटतच नाही का?"

परत आल्यावर त्यांनी शून्याचे कॉल धरून तक्ता पुन्हा केला. एकशे चाळीसपैकी एकशे सव्वीस केंद्रे साठाच्या वर गेली.

सचिवांनी पत्र खणात ठेवून दिले होते. ते एका रविवारी आले आणि पट न मांडता बोलले. मी चहा घेऊन गेले तेव्हा जे कानावर आले ते असे: चूक झाली हे मान्य, पण आत्ता ओरडू नकोस. मंत्र्यांची सही होऊ दे, मंडळ होऊ दे, तू अध्यक्षाच्या खुर्चीत बस आणि मग पाहिजे तितकी केंद्रे उघड. ते गेल्यावर मी प्राध्यापकांना म्हटले की त्यात वावगे काय आहे. हे मी म्हटले होते, तेही लिहून ठेवते. ते म्हणाले की एकदा बंद केलेली गोष्ट सरकारने परत उघडल्याचे त्यांनी अजून कुठे वाचलेले नाही. नवे वर्ष लागायच्या आत पहिली एकतीस केंद्रे बंद झाली. किराणा दुकानातला फोन ज्यावर चाले ते केंद्र त्यांत होते.

गुरुवारी, ९ जानेवारी १९९७ रोजी, अहवालाची छाननी करणाऱ्या सरकारी समितीपुढे ते उभे राहिले आणि अहवाल मागे घेतला. मी तिथे नव्हते, कात्री होती, फाइल मांडीवर घेऊन मागच्या रांगेत. एका सदस्याने विचारले, ही माहिती साफ कोणी केली? प्राध्यापक म्हणाले, "सूचना माझी होती आणि हातही माझा होता." पहिले खरे होते. दुसरे त्यांनी आयुष्यात चारचौघांत बोललेले एकुलते खोटे.

बाहेर व्हरांड्यात सचिव त्यांना म्हणाले, "लोक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात. तू माझ्या पायावर पाडलास." ते पुन्हा आमच्या घरी आले नाहीत.

केंद्रे वाचली, एकतीस सोडून. मंडळाचा अध्यक्ष दुसरा कोणी झाला. प्राध्यापक सहा वर्षे शिकवत राहिले. पूर्वी शिक्षकांच्या खोलीत त्यांच्याभोवती चार खुर्च्या ओढल्या जात, आता ते उपाहारगृहात भिंतीकडच्या टेबलावर एकटे जेवत आणि डबा धुऊन आणत. परिषदांची बोलावणी वर्षाला दहाची दोन झाली. कोणी अपमान केला नाही. लोक भेटले की हसत आणि घाईत असत. ज्याने स्वतःचाच आकडा खोटा ठरवला त्याच्याजवळ उभे राहायला आकड्यांवर जगणारी माणसे बिचकतात, एवढेच मला समजले. सहा-सात वर्षांनी घरोघर मोबाइल आले आणि वाचलेली केंद्रेही आपोआप निरुपयोगी झाली. मला वाटले ते खचतील. ते म्हणाले, तेवढी वर्षं मिळाली ना त्यांना.

घरात दोन गोष्टी बदलल्या. प्रुफे देताना ते म्हणू लागले, "आकडेही बघ." मी बघत असे, प्रत्येक बेरीज करून. एकही चूक सापडली नाही. सापडावी असे मला फार वाटे.

दुसरी गोष्ट फोनची. परगावी गेले की आता ते फोन लावत आणि मी उचलेपर्यंत धरून ठेवत. "पोचलो," म्हणत. मी "बरं" म्हणे. मग दोघांच्या हातात फोन, पलीकडे त्यांचा श्वास, आणि बोलायला काही नाही. थोड्या वेळाने ते म्हणत, "ठेवतो." कॉल पंचवीस-तीस सेकंदांचा होई. तो आता कुठल्याही तक्त्यात मोजला गेला असता. मी तो वहीत लिही, पण नंतर कुकर लावायचा विसरे.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. वहीत आहे: ढगाळ. अकरा वीस.

कात्री आता विभागप्रमुख आहे, केस निम्मे पांढरे. त्या मंगळवारी पाचला ती आली तेव्हा मी पानावर पेन्सिलीने दोन ओळी घातल्या होत्या: 'हा अहवाल त्यांनी ९ जानेवारी १९९७ रोजी स्वतः मागे घेतला. न उचललेले कॉल हाही फोनचा वापर असतो, हे त्यात धरलेले नव्हते.' तिने वाचले. खुर्चीत मागे टेकली.

"काकू, हे मी मुद्दामच नव्हतं लिहिलं. सरांना कमीपणा येईल म्हणून."

"सरांना?"

ती हसली, पण तेवढ्यापुरतीच. "तुम्हीही सरांसारखंच विचारता. बरं, मला. माझी नोकरी अजून आहे. उद्या कोणी पोरगं विचारेल, मॅडम, तेव्हा कात्री तुम्हीच ना?"

"तुझं नाव नाही घातलं मी."

"नाही ना. सत्तावीस वर्षं कुठेच नाही," ती म्हणाली. "सरांनी असं पांघरूण घातलंय माझ्यावर की श्वास कोंडतो. वर्गात माहिती कशी साफ करायची ते मी शिकवते, काकू. हे उदाहरण सोडून सगळी देते."

तेव्हा मी तिला प्रुफांचे सांगितले. चौदा तारीख, तळटीप, माझे गप्प बसणे. हे ऐकणारी ती पहिलीच.

"म्हणजे तेव्हा तुम्ही बोलला असतात तर छापखान्यातच दुरुस्त झालं असतं?"

"हो."

"कोणाला कळलंही नसतं. सर अध्यक्ष झाले असते."

"झाले असते."

तुमचा काय दोष, असे ती म्हणाली नाही. माणसे फार लवकर तसे म्हणतात. ती गप्प बसली याचे मला बरे वाटले. मग तिने माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि माझ्या ओळींखाली लिहिले: 'हे कॉल माहितीतून काढण्याचे काम प्रस्तुत लेखिकेने केले होते.' आणि पान माझ्याकडे सरकवले. मी लिहिले: 'प्रुफे त्यांच्या पत्नीने वाचली होती. चूक तिच्या लक्षात आली होती, ती वेळेवर बोलली नाही.'

कात्रीने ओळी मोजल्या. पान एकच मिळणार आहे आणि मजकूर बाहेर चालला आहे, म्हणाली. मी म्हटले, रेडिओचा भाग कमी कर. तो नको, ती म्हणाली, साडेपाच माणसं राहू देत. बराच खल करून आम्ही फोटो लहान करायचे ठरवले. नाहीतरी ते त्यात दुसरीकडेच बघत होते.

मी सही केली. तिने पान फाइलमध्ये घातले, जिन्यापर्यंत गेली, परत आली आणि विचारले की हे सगळे सविस्तर कुठे लिहिले आहे का. मी म्हटले, नाही. लिहा, म्हणाली. म्हणून हे लिहिले.

दार लावून मी आत आले. वही सकाळपासून उघडीच होती. सकाळच्या नोंदीखाली लिहिले:

पाचला ती आली, सहा चाळीसला गेली. पानावर सही केली. रात्रीसाठी भात टाकला तो अर्धा शिजला असताना गॅसचे सिलिंडर संपले. एकशे सोळा दिवस चालले.